सकाळची जाळी

लिफ्टची कामं करणाऱ्या माणसाच्या इमारतीतली लिफ्ट वर्षभर बंद होती. धाकट्याला कोणी त्यावरून छेडलं की तो म्हणे, "इमारतीचं कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे आहे. त्यांच्या दोराला मी हात लावला तर ते उद्या माझ्या पोटावर पाय देतील." त्यामुळे त्या रविवारी थोरल्या भावाला तीन मजले चढून यावं लागलं, आणि दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून थांबावं लागलं. डावा गुडघा बोलत होता. हातोडा, म्हणजे तारेला लावलेला लोखंडी गोळा, फेकणाऱ्याची सगळी गिरकी डाव्या पायावर असते, आणि म्हातारपणी तो पाय तिचा हिशेब मागतो.

थोरल्याला घरातही पाठीमागे सगळे सरच म्हणत. कॉलेजात ते मैदानी खेळांचे प्रशिक्षक झाले तेव्हा धाकट्याने थट्टेने म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. शेवटच्या दुखण्यात अप्पासुद्धा म्हणाले होते, "सर, जरा उशी वर करा." जन्म दिलेल्या बापाने अहोजाहो केलं म्हणून सर त्या दिवशी हसले होते आणि मग बाहेर जाऊन बराच वेळ आत आले नव्हते.

कठड्याशी उभं राहून त्यांनी बोलायची वाक्यं पुन्हा जुळवली. मंगळवारी सरकारचं तपासणी पथक कॉलेजात येणार होतं. नवा नियम असा होता, की जे कॉलेज खेळाडूंच्या नावाने अनुदान घेतं, त्याचे निम्मे तरी खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडले पाहिजेत. नाहीतर अनुदान बंद. सरांच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला चौदा खेळाडू होते आणि त्यातले चार पास होण्यासारखे होते. प्राचार्यांनी तोड काढली होती. ज्यांचं काही खरं नाही अशा सहा जणांनी सोमवारी येऊन सांगावं, की आम्ही स्वखुशीने शिक्षण सोडतो. सोडून गेलेला मोजत नाहीत. मग आठांत चार, म्हणजे निम्मे, आणि नियम पाळल्यासारखा झाला.

ती सहाही मुलं सरांच्या हाताखालची, हातोडा आणि थाळी फेकणारी होती. त्यांतली एक त्यांची पुतणी होती.

दाराबाहेर सपाट तपकिरी बूट होते. सरांनी ते ओळखले आणि त्यांची जुळवलेली वाक्यं विस्कटली. चिमा आली होती.

*

दार मास्तरणीने उघडलं. धाकट्याची ही बायको गाडी चालवायला शिकवते, म्हणून मास्तरीण. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून वीस वर्षं काढल्याने तिच्या पायाला एक सवय लागली होती. समोर काही भलतं घडायला लागलं की तो पाय जमिनीवर ब्रेक शोधायचा. चित्रपटगृहातसुद्धा.

"या भाऊजी. पाणी प्या आधी, मग बोला."

"बोलायचंय म्हणून तुला कोणी सांगितलं?"

"रविवारी दाढी करून येता तेव्हा बोलायचंच असतं."

जेवणाचं टेबल खिडकीशी होतं. धाकटा बसलेला होता, त्याच्या शेजारी भिंगरी. लहानपणी सारखी स्वतःभोवती फिरत असे म्हणून भिंगरी. आता खांद्याने दार भरेल अशी झाली होती, पण नाव तेच राहिलं. आणि खिडकीला पाठ करून चिमा, दोघा भावांमधली बहीण. बारीक आवाजामुळे तिला चिमणी म्हणायचे, त्याचं चिमा झालं. ती शिक्षणखात्यात होती, आणि हा नवा नियम त्याच खात्याचा होता.

"दादा, आधीच सांगते," ती म्हणाली. "मंगळवारच्या पथकात मी नाही. भाऊ तिथे नोकरीला आहे म्हणून माझं नाव मीच काढून घेतलं. पण खातं तेच. माझ्या कानावर काही आलं तर मला वर सांगावं लागेल. तुम्हाला कॉलेजचं बोलायचं असेल तर मी बाहेर जाते."

"म्हणजे आता जेवताना हवापाण्यावर बोलायचं?"

"अंड्यांवर बोल. चांगली झालीत."

सर ताटावर बसले. त्यांनी भाताचा घास घेतला, ताटाकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं आणि पुन्हा ताटाकडे. चिमाने हे सगळं बघितलं. मग ती ताट घेऊनच उठली.

"अहो वन्सं, ताट कशाला?" मास्तरीण म्हणाली.

"मग काय, गार खाऊ?"

आणि शिक्षणखात्याची ती उंच, करड्या केसांची अधिकारी दाराबाहेर जिन्याच्या पायरीवर बसून अंडी-भात खाऊ लागली. मास्तरणीने दार लोटून घेतलं.

सरांनी सांगितलं ते थोडक्यात सांगितलं. सांगताना ते भिंगरीकडे बघत नव्हते, भावाकडे बघत होते. "फक्त उद्या प्राचार्यांसमोर दोन वाक्यं बोलायची. बाकी काही बदलत नाही. जाळी तीच, मी तोच, हातोडा तोच. पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे. तिथे फेक लागली की देशाच्या संघात. पदवी काय, नंतरही देता येते."

धाकट्याने मान डोलावली. त्याची मान दादाच्या बोलण्याला लहानपणापासून आपोआप डोलायची.

"नंतर म्हणजे कधी?" मास्तरणीने विचारलं.

"नंतर म्हणजे नंतर."

"माझ्या गाडीत बसलेला 'नंतर वळतो' म्हणाला ना भाऊजी, की मी ब्रेक दाबते."

"अगं, मलाही तेव्हा असंच सांगितलं होतं," धाकटा म्हणाला. "माझं काय अडलं? दादाने शब्द टाकला, लिफ्टच्या कंपनीत लागलो. घर झालं, संसार झाला."

"गेल्या वर्षी सुपरवायझर कोण झालं?"

धाकट्याने भात कालवायला घेतला.

"तुम्ही ज्याला पाना धरायला शिकवलात तो झाला. का, तर त्याच्याकडे पदवी होती. आणि त्या दिवशी पेढे वाटल्यासारखा चेहरा करून घरी आलात, मला वाटलं तुम्हीच झालात."

"त्याचा काय संबंध?"

"काही नाही. आपलं आठवलं म्हणून म्हटलं."

इतका वेळ भिंगरी काकडीचे काप एकेक करून खात होती. तिने ताट बाजूला सारलं.

"काका, माझं एकच राहिलंय. शरीरशास्त्राचं प्रात्यक्षिक. लेखी सगळं झालंय. प्रात्यक्षिक सकाळी असतं आणि सकाळी मी जाळीत असते. परवा प्रात्यक्षिकाच्या बाईंना जाऊन भेटले. त्या म्हणाल्या, सोमवारपासून रोज आलीस तर परीक्षेला बसू देते. एक जरी चुकलं तर नाही."

"उद्यापासून?" सर म्हणाले. "चाचणीच्या तोंडावर? आणि फेकायचं केव्हा?"

"दुपारी."

त्या घरात हा शब्द हातोड्याच्या संदर्भात कोणी उच्चारत नसे.

अप्पा त्या मैदानाचे राखणदार होते. हातोडा भलतीकडे जाऊ नये म्हणून फेकायच्या वर्तुळाभोवती असते ती जाळी त्या वेळी त्यांनीच उभी केली होती, नळाचे जुने पाइप आणि कोळ्यांची टाकून दिलेली जाड जाळी जोडून. काय दिवस होते ते. पहाटे चुन्याच्या रेघा ओल्या गवतावर उमटायच्या आणि अप्पा अनवाणी त्यावरून चालत जायचे, रेघ वाकडी आहे का ते तळव्याने कळतं म्हणायचे. तेव्हा कोणीही केव्हाही फेकायचं. मग एका दुपारी एका मुलाच्या हातोड्याची तार मुठीजवळ तुटली, लोखंडी गोळा जाळी फाडून धावपट्टीवर गेला आणि धावणाऱ्या एका पोराच्या नडगीचे दोन तुकडे झाले. त्याला पाठीवर घेऊन अप्पा दवाखान्यापर्यंत पळत गेले. ते पोर पुन्हा धावलं नाही. त्या दिवसापासून जाळीला कुलूप लागलं, आणि मैदान रिकामं असतं म्हणून ते फक्त सकाळी उघडायचं ठरलं. अप्पा गेले, कोळ्यांची जाळी जाऊन पोलादी आली, पण कुलूप आणि वेळ सरांनी तशीच ठेवली. त्या घराण्यात देव्हारा नव्हता, तो नियम होता.

"दुपारी फेकत नाहीत," सर म्हणाले. "का ते तुला माहीत आहे."

"माहीत आहे."

"मग उद्या ये. मी असेन तिथे. घाबरायचं कारण नाही."

भिंगरीने ताट मोरीत ठेवलं, हात धुतले, पुसले. मग ती दार उघडून बाहेर गेली आणि तिने ते मागे ओढून घेतलं. मास्तरणीचा पाय टेबलाखाली जमिनीवर दाबला गेला. मग तिने तो उचलला आणि खुर्चीच्या दांडीवर ठेवला.

*

चिमाचं जेवण झालं होतं. रिकामं ताट मांडीवर घेऊन ती जिन्याच्या खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळणाऱ्या चादरी बघत होती. भिंगरी शेजारी बसली तेव्हा पायरीवर दुसऱ्या कोणाला जागा उरली नाही.

"आत्या, एक सांगायचंय."

"कॉलेजचं असेल तर नको."

"कॉलेजचंच आहे."

"भिंगरे, ऐक. एकदा मी ऐकलं की ते माझ्या हातात राहत नाही. तुझ्या काकाची नोकरी आहे ही. अप्पांच्या मागे त्या मैदानावर आपलं असं तोच एक उरलाय. तेव्हा आत जा, नीट विचार कर."

"विचार करूनच आले. भांडून नाही आले."

चिमाने तिच्या हातांकडे पाहिलं. डाव्या हाताच्या बोटांवर मुठीच्या तारेचे घट्टे होते, पिवळट आणि चकचकीत. असे घट्टे चिमाने दोघा भावांच्या हातांवर पाहिले होते. स्वतःच्या हातावर ते पडावेत म्हणून एका वयात ती मैदानात पडलेले हातोडे उचलून आणायची. तारेला धरून ओढत ओढत जाळीपर्यंत आणायचे आणि बाहेरून आत द्यायचे. घट्टे पडले नाहीत, नुसते फोड आले.

"तुला मी नको म्हणाले तरी तू सांगणार," ती म्हणाली.

"हो. तू आपली म्हणून नाही सांगत. तू खात्यातली म्हणून सांगते आहे. पथकातल्या कोणाला मी ओळखत नाही आणि उद्या उशीर होईल."

भिंगरीने सांगितलं. प्राचार्यांचा बेत, सहा जण, आठांत चार. पदरचं काही घातलं नाही आणि काकांना वाचवायला काही गाळलंही नाही. चिमा चादरींकडे बघत ऐकत होती. एक चादर वाऱ्याने दोरीवर गुंडाळली गेली आणि ती सोडवायला कोणी आलं नाही.

"झालं?"

"झालं."

"मग मला आता आत यायला हरकत नाही," चिमा म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

*

दोघी आत आल्या तेव्हा सरांना विचारायची गरज नव्हती, तरी त्यांनी विचारलं.

"सांगितलंस?"

"हो काका."

"घरातली गोष्ट सरकारदरबारी नेलीस."

"सरकार दारातच जेवत बसलं होतं."

मास्तरणीला हसू आलं, तिने ते खोकल्यात घालवलं. धाकटा हसला नाही. तो एकदा भावाकडे आणि एकदा मुलीकडे बघत होता, जशी कोणी दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली लिफ्ट बघतं.

"चिमे, तुला काय करायचं ते कर," सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "तू पहिल्यापासून पलीकडचीच. आम्ही घाम गाळला, तू पुस्तकं वाचलीस. तू पास झालीस, आम्ही नाही झालो. मान्य आहे. फेकणाऱ्याचं डोकं वेगळं असतं, ते बाकावर बसत नाही. मी स्वतः तसाच, हा तसाच. माझ्या पोरांना डोकं नाही म्हणून सरकारने त्यांच्या तोंडचा घास काढावा? फुटबॉलवाल्यांचे निम्मे पास होतात. मग काय, ते डोक्याने खेळतात म्हणायचं आणि सोडून द्यायचं."

"दादा, शाळेत धाकट्याचे गुण माझ्यापेक्षा जास्त असायचे," चिमा म्हणाली.

धाकट्याने मान वर केली.

"गणित तोच मला शिकवायचा. स्वयंपाकघरातल्या फरशीवर खडूने."

"असेल. पण कॉलेजात तू पास झालीस."

"झाले. कारण सकाळी मला काही काम नव्हतं."

सगळे तिच्याकडेच बघत होते, म्हणून तिला पुढे बोलावं लागलं. हे बोलायचं तिने ठरवलेलं नव्हतं.

"तुम्ही दोघं जाळीत असायचात. मीही मागितलं होतं. तुला आठवतं की नाही माहीत नाही. अप्पा म्हणाले, मुलीच्या हाताला घट्टे नको. रडले नाही मी, दुसऱ्यांदाही विचारलं नाही. पण मग सकाळी करायचं काय? घरी बसून तुमच्या फेकी ऐकायच्या? कॉलेजात जाऊन बसायचे. प्रयोगशाळा उघडी असायची. माझी हुशारी म्हणतोस ती एवढीच. मला जाळीत घेतलं असतं ना, तर मीही आज पदवीशिवायच असते. आणि खरं सांगू, मला चाललं असतं."

हे ऐकताना धाकट्याच्या मनात विचित्र काहीतरी होत होतं. माणूस एखादी गोष्ट स्वतःबद्दल इतकी वर्षं मानत आलेला असतो, की ती त्याच्या खुर्चीसारखी होते. डोकं नव्हतं म्हणून राहिलं, ही त्याची खुर्ची होती. तो तीवर आरामात बसला होता. बायकोने टोमणा मारला की तो याच खुर्चीत मागे रेलायचा. सुपरवायझरची जागा दुसऱ्याला मिळाली तेव्हाही याच खुर्चीत बसून त्याने त्या मुलाचं मनापासून अभिनंदन केलं होतं.

"दादा," तो म्हणाला, "जाड्याचं काय राहिलं होतं?"

"कोण जाड्या?"

"माझ्या बरोबरचा. थाळी फेकायचा."

सरांनी आठवलं. "प्रात्यक्षिक."

"आणि उंटाचं?"

"त्याने अभ्यासच केला नव्हता."

"लेखी पास झाला होता तो. पेपरच्या दिवशी माझ्या शेजारी बसला होता. प्रात्यक्षिकच राहिलं त्याचं. तुझं काय राहिलं होतं?"

सर ताटाच्या कडेला चिकटलेलं शीत बोटाने सोडवू लागले.

"आणि मला वाटत होतं मी मठ्ठ आहे," धाकटा म्हणाला. तो हे रागाने म्हणाला नाही. एखाद्या यंत्रात बिघाड शोधता शोधता तारच लावलेली नाही असं सापडावं, तसं म्हणाला.

"आळस, दुसरं काय," सर म्हणाले, पण त्यांच्या आवाजात आता जोर नव्हता.

"पहाटे अंधारात येऊन थंडीत उभी राहणारी पोरं आळशी असतात का हो, भाऊजी?" मास्तरीण म्हणाली. "माझ्याकडे आळशी येतात ते मला माहीत आहेत. ते सीटबेल्ट पण मला लावायला सांगतात."

"मग प्रयोगशाळा दुपारी का उघडत नाहीत ते लोक?" सर एकदम भिंगरीकडे वळले, जणू हा तिचाच गुन्हा होता.

"दुपारी ती परिचारिकांच्या शाळेला दिलेली असते. फार पूर्वीपासून."

"मला कोणी सांगितलं नाही."

"तुम्ही विचारलं नाही काका. विचारणार तरी केव्हा, सकाळी तुम्ही मैदानात."

सर खिडकीशी गेले. खाली रस्त्यावर कोणी सायकलची साखळी बसवत होतं आणि ती पुन्हा पुन्हा निसटत होती. त्यांनी किती मुलं घडवली होती. कोणाला कारखान्यात लावलं, कोणाला पहारेकरी म्हणून, कोणाला गोदामात. एकालाही त्यांनी रस्त्यावर सोडलं नव्हतं. लग्नांना गेले होते, बारशांना गेले होते. या सगळ्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो खोटाही नव्हता. फक्त आता त्या सगळ्या मुलांचे चेहरे एका ओळीत उभे राहिले, आणि सगळ्यांचं एकच राहिलेलं होतं.

"मी उद्या कार्यालय उघडलं की वर कळवणार आहे," चिमा त्यांच्या पाठीला म्हणाली. "तू त्याआधी प्राचार्यांना सांग, पथकाला सांग किंवा कोणालाच सांगू नकोस. तुझं तू बघ. पण मी हे पोटात ठेवणार नाही. आणि सकाळची प्रात्यक्षिकं आणि सकाळचा सराव, हेही मी कळवणार. आमच्या खात्याने निम्मे पास करा म्हणून नियम काढला. का पास होत नाहीत ते विचारायला कोणी आलं नाही. ती आमची चूक."

"अनुदान जाईल."

"जाईल कदाचित."

"माझी नोकरीही."

"तीही जाईल कदाचित, दादा."

"आणि तुला झोप येईल?"

"नाही येणार. पण बोलले नाही तरी कुठे येणार आहे?"

मग धाकट्याने जे केलं ते त्या घरात त्याने कधी केलं नव्हतं. तो भावाच्या आधी बोलला.

"दादा, भिंगरी उद्या सकाळी प्रात्यक्षिकाला जाईल. मी सोडायला जाणार आहे."

सर वळले. "आणि चाचणी? जिच्यासाठी चार वर्षं घासली ती चाचणी?"

"काका, चाचणी मला द्यायचीच आहे," भिंगरी म्हणाली. ती उभी राहिली होती, पाय खांद्याएवढे फाकवून, फेकीच्या आधी वर्तुळात उभी राहते तशी. "दुपारी फेकेन. फुटबॉलचा सराव सुटल्यावर म्हणा, आधी म्हणा, तुम्ही ठरवा. मैदानावर एक माणूस नसेल तेव्हाच. तुम्ही फाटकाशी उभे राहा, बाबा दुसऱ्या फाटकाशी राहतील. दिवसाला दहाच फेकी मिळाल्या तरी चालतील. आजोबांनी त्या पोराला पाठीवर नेलं म्हणून नियम केला. मी तो मोडायला निघाले नाही. मला कोणाचा मोडलेला पाय नकोय. मला सकाळ हवीय."

"दहा फेकीत संघात जाता येत नाही."

"मग नाही जाणार. पण नाव कमी करा म्हणून मी उद्या सांगणार नाही. परवाही नाही."

सरांनी आपली टोपी घेतली. मास्तरणीने डबा देऊ का विचारलं, तर नको म्हणाले. दाराशी त्यांनी बूट घातले आणि चिमाचे बूट आडवे पडले होते ते पायाने नीट केले, सवयीने. जिन्यावरून त्यांच्या उतरण्याचा आवाज येत राहिला. डावा पाय जड, उजवा हलका.

"जा ना त्याच्यामागे," मास्तरीण नवऱ्याला म्हणाली.

"नको," धाकटा म्हणाला. "आज मी गेलो तर हो म्हणून येईन."

*

सोमवारी भिंगरी प्रयोगशाळेत शिरली तेव्हा बाई खिडक्या उघडत होत्या. लांब टेबलं, उंच स्टुलं, कोपऱ्यात परिचारिकांच्या शाळेचा रबरी माणूस चादर पांघरून झोपलेला. वर्गात दहा-बारा जण होते, बहुतेक फुटबॉलचे. भिंगरी आत आल्यावर त्यांच्यातल्या एकाने शिट्टी वाजवली.

"वाट चुकली का गं?"

"चुकले होते," ती म्हणाली आणि शेवटच्या स्टुलावर बसली.

सकाळी या वेळी तिचं अंग तापलेलं असायचं. आज ते थंड आणि अवघडलेलं होतं आणि पाय आपोआप फिरायला बघत होते. बाहेर मैदानाकडून आवाज येईल म्हणून ती कान देऊन होती. लोखंडी गोळा गवतात रुततो तेव्हा एक बसका आवाज होतो, लांबवर ऐकू येतो. आवाज आला नाही. म्हणजे काका आलेच नसतील, तिला वाटलं. किंवा त्यांनी पोरांना घेऊन प्राचार्यांकडे नेलं असेल, दोन वाक्यं बोलायला.

बाईंनी फळ्यावर लिहिलं: विश्रांतीतील नाडी, श्रमानंतरची नाडी. खडू खाली ठेवायला आणि दार उघडायला एकच गाठ पडली.

दारात पाच जण उभे होते. पाचही सरांच्या जाळीतले, चौघं मुलगे आणि थाळीवाली. सगळे सरावाच्या कपड्यांत, खांद्यांवर पिशव्या, आणि पुढे कोणी व्हायचं यावर त्यांच्यात ढकलाढकली चालली होती. शेवटी सगळ्यांत अंगापिंडाने मोठा, ज्याला सगळे बुलडोझर म्हणत, तो पुढे आला.

"बाई, सरांनी पाठवलं."

"कशाला?"

"शिकायला." हे त्यालाही विचित्र वाटलं असावं, कारण त्याने घाईने पुढे म्हटलं, "जाळीला कुलूप आहे. सर म्हणाले दुपारी उघडेन. सकाळी इथेच बसायचं."

"सर कुठे आहेत?" भिंगरीने मागून विचारलं.

"प्राचार्यांच्या खोलीबाहेर बाकावर. आम्ही विचारलं, आम्ही काय सांगायचं आत? तर म्हणाले, तुम्ही काही सांगायचं नाही, सांगायचं ते मी सांगणार आहे."

बाईंनी चष्मा काढून पाचही जणांकडे पाहिलं. "तुमची हजेरी तर हिच्याहून गेलेली आहे. यंदा तुम्हाला परीक्षेला बसता येईल असं मला वाटत नाही."

"माहीत आहे बाई. सर म्हणाले, यंदा नाही तर पुढच्या वर्षी. बसा म्हणाले."

"पुढच्या वर्षी म्हणजे यंदा आपल्या कॉलेजचा आकडा पडला. उद्या पथक आहे ना?"

"पडेल," बुलडोझर म्हणाला.

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी भिंतीवरच्या खुंट्यांकडे हात केला. "एप्रन यांतला एकही तुमच्या अंगात जायचा नाही. उद्या आपापले आणा. आज नुसत्या बाह्या वर करा आणि दोघादोघांनी बसा."

स्टुलं कुरकुरली. बुलडोझर भिंगरीसमोर येऊन बसला आणि त्याने आपला हात टेबलावर ठेवला, तळवा वर करून, एखादी वस्तू दुरुस्तीला द्यावी तसा. तिने त्याच्या मनगटावर तीन बोटं ठेवली. मनगट कसलं, खांबच होता.

"लागत नाही," ती म्हणाली.

"दाब की. आत असेल."

तिने दाबलं. एकदा जागा चुकली, दुसऱ्यांदाही चुकली. मग जाड कातडीखाली, घट्ट स्नायूच्या कडेला, तिला ती सापडली. तिने भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याकडे बघितलं आणि मोजायला सुरुवात केली.